पुन्हा सादर करावा

बँकेतल्या माणसाला ऋतू चारच माहीत असतात: मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर. वसंत, ग्रीष्म वगैरे मंडळी कवींसाठी ठीक आहेत. आम्हाला घाम फुटतो तो तिमाही अखेरीला, मग बाहेर कडाक्याची थंडी का असेना. जपानातल्या टेलिव्हिजनवाल्यांचं पंचांग थेट आमच्यासारखंच आहे, हे मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. तिथे अ‍ॅनिमेच्या (आमच्या कन्येसमोर 'कार्टून' हा शब्द उच्चारला, की घरात दिवसभर सुतक असतं) नव्या मालिका जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार मुहूर्तांवर सुरू होतात. म्हणजे आमचं क्लोजिंग जिथे संपतं, तिथे त्यांचं ओपनिंग. आठवड्याला एक भाग या हिशेबानं एक मालिका बारा-तेरा आठवडे चालते. तेरा आठवडे म्हणजे ९१ दिवस. आता रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की हप्ता ९० दिवसांवर थकला, की ते कर्ज अनुत्पादक समजायचं. तेव्हा मालिका संपेपर्यंत जिनं व्याजाचा एक पैसाही दिला नाही, ती बुडीत खात्यात टाकायला माझी ना नाही. वाद आहे तो त्याच्या अलीकडचा. एखाद्या गोष्टीला 'हिच्यात काही दम नाही' म्हणण्याचा हक्क आपल्याला नेमका कितव्या दिवशी मिळतो?

या वादात मी पडलो तो कन्येमुळे. ती कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डेबिट कुठल्या बाजूला लिहायचं हे तिला अजून विचार करून सांगावं लागतं, पण कुठली चेटकीण कोणाची शिष्या हे ती झोपेत सांगेल. तिनं मला आधी अ‍ॅनिमे पाहायला लावली आणि मग मंगा वाचायला. मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. आमच्या मातोश्रींना मात्र हा शब्द ऐकला, की मागच्या चाळीतला मंगेशच आठवतो. एकदा कन्या सकाळी डोळे चोळत म्हणाली, "आजी, काल रात्री दोनपर्यंत मंगा वाचला." मातोश्रींनी तिथल्या तिथे देवाला हात जोडले. "वाचला ना? बरं झालं बाई! पण त्याला झालं काय होतं?"

मंगा उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. आपण ज्या बाजूनं पुस्तक उघडतो, तिथे पुष्कळ इंग्रजी आवृत्त्यांत चक्क पाटी असते, की थांबा, तुम्ही उलट्या बाजूनं आलात. पहिल्याच पानावर वाचकाला दटावणारं दुसरं वाङ्मय म्हणजे आमचे बँकेचे फॉर्म.

तसा मी या प्रांतात अगदीच उपरा नाही. १९९०च्या दशकात दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं. त्यातला तो चड्डीतला मोगली जपानात, निप्पॉन अ‍ॅनिमेशन नावाच्या कंपनीत १९८९ साली तयार झाला, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. भाषा हिंदी, गाणं गुलजारांचं, जंगल मध्य प्रदेशातलं. आम्ही त्याला आपल्यातलाच समजून मोठे झालो. आणि त्या वेळी एका भागावरून मत बनवायची सोयच नव्हती. दुसरं चॅनल कुठे होतं? जे लागेल ते पाहायचं, जे ताटात पडेल ते खायचं, आणि वडील ज्या बँकेत चिकटवतील तिथे चिकटायचं.

कन्येचा नियम साधा आहे. "बाबा, तीन भाग पाहायचे. तीन भागांत नाही आवडली, तर सोडून द्यायची."

"आणि पहिल्याच भागात जांभई आली तर?"

"जांभई द्यायची आणि दुसरा भाग लावायचा."

हा नियम तिचा एकटीचा नाही, अ‍ॅनिमे पाहणाऱ्या जगभरच्या मंडळींत तो रूढ आहे. २०११ साली 'मादोका माजिका' नावाची एक मालिका आली. दिसायला गोंडस, मुलींच्या जादूची. तिसऱ्या भागात त्यांच्यातली थोरली, सगळ्यांना सांभाळून घेणारी मुलगी मारली जाते आणि प्रेक्षकाच्या हातातला चहा हातातच निवतो. तेव्हापासून 'तीन भाग तरी थांबा' या म्हणण्याला जास्तच वजन आलं.

मी कॉमर्सचा पदवीधर. नियम म्हटला, की आधी खर्च काढतो. एका मोसमात डझनांनी नव्या मालिका येतात. आपण ५० धरू. प्रत्येकीचे तीन भाग म्हणजे १५०. एक भाग सुमारे २४ मिनिटांचा. एकूण ३,६०० मिनिटं, म्हणजे ६० तास. सगळ्यांना सारखा न्याय द्यायचा, तर मला दर तिमाहीला आठवडाभराची अर्जित रजा टाकावी लागेल, आणि कारणाच्या रकान्यात 'न्यायदान' असं लिहावं लागेल. तेव्हा पहिल्या नजरेत चाळण लावण्याला इलाज नाही. ही चाळण आपण सगळेच लावतो. स्थळं पाहताना लावतो, वांगी घेताना लावतो. काउंटरवर रांगेतला माणूस अजून चार पावलांवर असतो, तेवढ्यात हा पासबुक भरायला आलाय की भांडायला, हे आम्हाला कळलेलं असतं. आमच्या शाखेतल्या एका मित्राची चाळण तर फारच बारीक आहे. नायकाचे केस निळे दिसले, की तो मालिका बंद करतो. अ‍ॅनिमेत हा निकष लावणं म्हणजे उडप्याकडे जाऊन सांबार नको म्हणण्यासारखं आहे.

याच मित्रानं गेल्या वर्षी 'ची' नावाची मालिका दोन भाग पाहून सोडली. नावापासूनच आमच्याकडे चर्चा झाली होती. मातोश्रींच्या मते 'ची' हा षष्ठीचा प्रत्यय आहे. त्याच्या आधी कोणीतरी पाहिजे. जपानीत मात्र या एका अक्षरात पृथ्वी, रक्त आणि ज्ञान असे तिन्ही अर्थ बसतात. उओतो या चित्रकाराचा मंगा, २०२० ते २०२२ असा चाललेला, आठ पुस्तकांचा. ऑक्टोबर २०२४ पासून एनएचकेवर त्याची २५ भागांची मालिका झाली. काळ पंधराव्या शतकातला, स्थळ युरोप. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं म्हणणाऱ्यांच्या छळाची ही काल्पनिक गोष्ट. राफाल नावाचा बारा वर्षांचा भलता हुशार मुलगा. मोठ्यांना काय ऐकायला आवडतं ते ओळखायचं, तेच बोलायचं आणि पुढे सरकायचं, असं त्याचं धोरण. (हा आमच्याकडे असता, तर तिशीत विभागीय व्यवस्थापक झाला असता.) मग त्याला आकाशाच्या नव्या गणिताचा नाद लागतो.

मित्र कँटीनमध्ये म्हणाला, "कळली गोष्ट. हुशार पोरगा, पुढे मोठा शास्त्रज्ञ होणार, सगळे टाळ्या वाजवणार. आपल्याला नको."

तिसऱ्या भागात हा पोरगा खोटं बोलून सुटायची संधी असताना खोटं बोलायचं नाकारतो आणि कोठडीत विष घेऊन मरतो. गोष्ट दहा वर्षं पुढे जाते. नवी माणसं येतात, आणि पहिल्याचं नावही माहीत नसताना त्याचं काम उचलून चालू लागतात. म्हणजे जो नायक म्हणून मित्रानं मालिका नापास केली, तो नायकच नव्हता. आता मजा पाहा, मित्रानं जे दोन भाग पाहिले त्याबद्दल तो काही खोटं बोलला नाही. आणि उठून जाण्याचा तर त्याला पूर्ण हक्क होता. त्याची मिनिटं, त्याचं वीजबिल. मला टोचलं ते इतकंच, की कँटीनमधल्या सात जणांनी त्याच्या शब्दावर ती मालिका पाहिली नाही. दोन भागांचा पाहुणा पंचवीस भागांच्या घरावर जप्ती आणून गेला.

घरात सौभाग्यवतींची चाळण वेगळी आहे. 'डंजन मेशी' लावली तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. र्‍योको कुई या बाईंचा हा मंगा २०१४ ते २०२३ असा चालला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याची मालिका आली. एका पोराच्या बहिणीला भुयारात ड्रॅगन गिळतो. तो पचवायच्या आत तिला सोडवायची आहे, खिशात पैसा नाही, म्हणून वाटेतले राक्षस मारून खायचे आणि पुढे जायचं, अशी कल्पना. पहिल्याच भागात मोठा विंचू आणि चालती अळंबी यांचा रस्सा होतो. मी म्हटलं, आता ही उठणार. त्या म्हणाल्या, "अय्या, घाण!" आणि मग भाजी बाजूला ठेवून, "पण आधी नांगी काढली बघा त्यानं. येतंय त्याला." पुढचे भाग त्यांनी फक्त स्वयंपाक बरोबर होतोय की नाही हे पाहायला पाहिले. पहिलं मत वाईट असावं, पण तळाशी एक कुतूहल असावं, मग तेही चालतं.

तीन या आकड्यावर मात्र माझा फारसा विश्वास नाही. 'किमेत्सु नो याइबा' हे नाव तुम्ही मुलांकडून 'डीमन स्लेअर' असं ऐकलं असेल. त्याची मालिका एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाली आणि सगळीकडे बोलबाला झाला तो एकोणिसाव्या भागानंतर. पुढल्या वर्षी त्यातून निघालेला चित्रपट जपानच्या इतिहासातला सगळ्यात जास्त कमाईचा ठरला. एकोणिसावा भाग म्हणजे तिमाही उलटून वर दीड महिना. आमच्या वसुली विभागानं तोवर घराला टाळं लावलं असतं.

आणि मग 'फ्रीरेन' आली. २९ सप्टेंबर २०२३, म्हणजे आमच्या सहामाहीच्या आदल्या दिवशी, तिचे पहिले चार भाग जपानी टेलिव्हिजननं एकाच रात्री दाखवले. तीनच्या नियमावर एक भाग वर! ही गोष्ट सुरू होते ती इतर गोष्टी संपतात तिथून. राक्षसांचा राजा मेलेला आहे. चौघांची टोळी दहा वर्षांची मोहीम संपवून परतलेली आहे. त्यातली फ्रीरेन ही हजारभर वर्षं जगलेली. आकाशात उल्कांचा वर्षाव होतो, तो पन्नास वर्षांनी एकदा होणारा. ती सहज म्हणते, की पुढच्या वेळी मी तुम्हाला याहून चांगली जागा दाखवीन. आणि निघून जाते. पन्नास वर्षांनी परत येते, तर टोळीचा नायक हिमेल म्हातारा, टकला, काठी टेकत उभा. सगळे मिळून उल्का पाहतात आणि थोड्याच दिवसांत तो जातो. अंत्यविधीला लोक कुजबुजतात, की हिच्या डोळ्यांत पाणी कसं नाही. तेव्हा तिला रडू फुटतं. दहा वर्षं बरोबर होतो, माणसं थोडंच जगतात हे ठाऊक होतं, मग याला नीट ओळखून का नाही घेतलं, एवढंच तिचं म्हणणं.

कन्येनं पाहिलं, की मी चष्मा पुसतोय. "बाबा, पहिलाच भाग आहे," ती म्हणाली.

मला आमच्या हेड कॅशियरांचा निरोप समारंभ आठवत होता. पस्तीस वर्षांची नोकरी. शाल, श्रीफळ, वेफर्स, आणि 'मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, हसतमुख' अशी तीन विशेषणं, जी शाखेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंदवलेली असावीत, कारण जो जातो त्याला तीच मिळतात. शेवटी त्यांच्या मंडळींना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आता वारीला जायला रजा मागायला नको." सभेत शांतता. दर आषाढात या गृहस्थांची रजा असायची, आणि अर्जावर कारण असायचं 'घरगुती'. बावीस वर्षं ते अर्ज टेबलांवरून फिरले, त्यावर सह्या झाल्या, शिक्के बसले, फाइलला लागले. मॅनेजरांनी विचारलं, "अहो, मग तसं लिहायचं नाही का?" ते म्हणाले, "साहेब, विठोबाकडचं काम घरगुतीच की."

बावीस वर्षं म्हणजे आठवड्याला एक या हिशेबानं अकराशेहून जास्त भाग झाले. तेव्हा प्रश्न किती भाग पाहिले हा नसावा. काही माणसं एका नजरेत विंचवाची नांगी काढलेली पाहतात, आणि काही शाखा बावीस वर्षांत रजेच्या अर्जापलीकडे जात नाहीत.

एवढं होऊनही मी म्हणेन, की न आवडलेली मालिका बंद करण्यात पाप नाही. पाप असलंच, तर ते निकालाच्या भाषेत आहे. आणि निकाल आपण म्हणतो तितका फुकटचा नसतो, हे मला मंगा वाचताना कळलं. तात्सुकी फुजिमोतोचा 'लुक बॅक' हा २०२१ चा, एका बैठकीत संपणारा मंगा कन्येनं हातात दिला. शाळेतल्या दोन मुली चित्रकथा काढतात. त्यात पुन्हा पुन्हा एक चित्र येतं: टेबलाशी बसून काढत असलेल्या मुलीची पाठ. खिडकीबाहेर ऋतू बदलतो, पाठ तीच. मी सगळं पुस्तक पाऊण तासात संपवलं आणि त्या पाठीची मला थोडी लाज वाटली.

जपानात 'शोनेन जंप' नावाचं साप्ताहिक आहे. १९६८ साली निघालं, पुढच्या वर्षी साप्ताहिक झालं, आणि १९९५च्या सुमाराला त्याचा खप ६५ लाखांच्या वर गेला. त्यात वाचकांसाठी एक पोस्टकार्ड असायचं: या अंकातल्या आवडलेल्या तीन कथा कळवा. संपादक ही मतं मोजत आले. जी कथा आठवडेच्या आठवडे तळाशी राहते, ती बंद होते. कधीकधी वीस प्रकरणंही पुरी होत नाहीत. एका आठवड्याचं प्रकरण म्हणजे एकोणीस-वीस पानं, ती एक माणूस दोन-चार मदतनिसांना घेऊन रात्र रात्र जागून काढतो. आणि दहा-बारा वर्षांचा एखादा पोरगा आगगाडीत बसल्या बसल्या दोन मिनिटांत पान उलटतो. पोराची काही चूक नाही. त्यानं अंकाचे पैसे दिलेले आहेत, त्याला कंटाळा आलेला आहे, आणि त्याला विचारलेलंही तेवढंच आहे. तो खरंच सांगतो. पण त्याच्या खऱ्यानं कोणाच्या तरी घरातली चूल मंदावते. दोन माणसं, दोघंही प्रामाणिक, आणि तरी एकाचं नुकसान. अशा प्रकाराला नीतिशास्त्रात काय म्हणतात मला ठाऊक नाही. आमच्याकडे त्याला कर्ज नामंजूर म्हणतात.

आता बँकेच्या बाजूनं एक शब्द बोलतो. चेक परत जातो तेव्हा आम्ही त्याला एक चिठ्ठी लावतो. तिच्यावर छापील कारणं असतात, एकावर खूण करायची. 'सही जुळत नाही' असं कारण आहे. 'खातेदार लबाड आहे' असं कारण नाही. कितीही वाटलं तरी नाही. कारण समोरच्या पेन्शनर आजोबांचा हात गेल्या दिवाळीपासून थरथरतो हे संगणकावरच्या जुन्या नमुन्याला माहीत नसतं. 'खातेदाराकडे चौकशी करावी' असंही एक कारण आहे, आणि मला सगळ्यात आवडणारं म्हणजे, 'रक्कम अद्याप जमा नाही, पुन्हा सादर करावा'. या एका ओळीत जितकी सभ्यता आहे, तितकी मला समीक्षकांच्या दोन कॉलमांत सापडत नाही. पैसे तर आम्हीही देत नाही. पण खातेदाराच्या चारित्र्यावर शाई सांडत नाही.

हल्ली नव्या मोसमाचे पहिले भाग पाहून मी वहीत नोंद करतो, ती याच भाषेत. 'सही जुळत नाही' म्हणजे माझ्या आवडीशी. 'पुन्हा सादर करावा' असा शेरा बऱ्याच जणींना आहे. मित्राला वही दाखवली, तर म्हणाला, यात चांगली कुठली आणि वाईट कुठली हे कळतच नाही.

गेल्या महिन्यापासून मला एक नवीन खोड लागली आहे. अर्ध्यात बंद पडलेले मंगा मी मागून वाचतो, दोन-तीन पुस्तकांतच आटोपलेले. कन्या म्हणते, "बाबा, ज्यांचा शेवटच नाही ते कशाला वाचता?" पण त्यांना शेवट असतो. इतक्या कथा या एकाच पद्धतीनं संपल्या, की जपानात तो थट्टेचा विषय झाला आहे. नायक आणि मित्र शत्रूच्या दिशेनं धावत सुटतात, नायक ओरडतो, की आपली खरी लढाई तर आता सुरू होते आहे, आणि खाली समाप्त. शत्रू तसाच, बहीण सापडलेली नाही, पहिल्या प्रकरणात दाखवलेली किल्ली कशाची ते कुणाला कळलेलं नाही. लढाई सुरू.

मग पान उलटलं, की पुष्कळदा चित्रकाराचं छोटंसं मनोगत असतं. मी सगळ्यात आधी तेच काढून वाचतो. त्यात तक्रार बहुधा नसते. तो मदतनिसांची नावं घेतो, संपादकांचे आभार मानतो, आणि वाचकांचेही मानतो. आमच्याकडे कर्ज नामंजूर झालेला एखादा तरुण कागद गोळा करून उठताना "थँक्यू साहेब" म्हणतो, तेव्हा आमचे साहेब खाली वाकून टेबलाखाली पेन शोधू लागतात. पेन त्यांच्या खिशातच असतं.